बिअर्डेड ड्रॅगनला जिवंत किडे घालताना: किड्याची तयारी, माप आणि वेळ

बिअर्डेड ड्रॅगन रातकिड्यावर झडप घालतो ती दोन सेकंदांत. पण त्याआधीचे दोन दिवस त्या किड्याने काय खाल्लं आणि त्यानंतरचे काही तास सरड्याला किती ऊब मिळाली, यावर ते खाणं अंगी लागणार की अंगावर येणार हे ठरतं. चुका होतात त्या बहुतेक याच दोन टोकांना. म्हणून सुरुवात दिव्यापासून.

आधी ऊब, मग किडा

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कोरड्या, उघड्या प्रदेशातला. अन्न पचवायला लागणारी उष्णता तो बाहेरून घेतो. टाकीतल्या दिव्याखालच्या दगडाचा किंवा लाकडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश सेल्सिअस हवा आणि दुसरं टोक २४ ते २८ अंशांच्या आसपास, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा गारव्याला जाता येतं. काचेला चिकटवायचे स्वस्त गोल थर्मामीटर फक्त काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतात. दगड किती तापलाय ते बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा.

सकाळी दिवे लागल्यावर एक-दोन तास त्याला नीट तापू द्या, मग पहिले किडे घाला. दिवसाचा शेवटचा किडा दिवे मालवण्याच्या निदान दोन-तीन तास आधी पोटात गेलेला असावा. थंड पोटात किडा तसाच पडून राहतो, कुजू लागतो. मग सरडा उलटी करतो किंवा त्याचं पोट गच्च होतं. जिथे वीज सारखी जाते तिथे हे विशेष सांभाळा: दुपारी भारनियमन असेल तर किडे सकाळी लवकरच संपवा, आणि लाइट केव्हा येईल याचा भरवसा नसेल त्या दिवशी नुसता पाला द्या. पाल्याने एक दिवस भागतं.

यूव्हीबीची नळी हा जेवणाचाच भाग समजा: उन्हातल्या या अतिनील किरणांनी सरड्याच्या अंगात व्हिटॅमिन डी-३ तयार होतं आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. टी-५ प्रकारची, १० ते १२ टक्के यूव्हीबीची, टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीची नळी लावा आणि उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर टांगा. मधे जाळी असेल तर बरेच किरण तिथेच अडतात. नळी दिसायला उजळ असली तरी वर्षभराने बदला. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. आणि काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका. आत काही मिनिटांत भट्टी होते.

कोणता किडा निवडावा

रोजच्या खाण्यासाठी दोनच किडे खरे कामाचे: डुबिया झुरळ आणि रातकिडा. आमचा कल डुबियाकडे. त्यात मांस जास्त, वास कमी, आवाज नाही, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही. रात्री टाकीत एखादं राहिलं तरी ते रातकिड्यासारखं सरड्याला कुरतडत बसत नाही. रातकिडे जास्त हलतात, त्यामुळे पिल्लांची भूक चाळवते. पण ते उडी मारतात, ओरडतात, पटापट मरतात आणि भुकेले असले की सरड्याच्या बोटांना, शेपटीच्या टोकाला, पापण्यांना चावे घेतात. कॅनडात डुबिया पाळायला परवानगी नाही आणि ऑस्ट्रेलियात ते मिळत नाहीत. तिथल्या मराठी घरांत रातकिडे आणि ऑस्ट्रेलियात ‘वुडी’ नावाची झुरळं हाच पर्याय.

रेशीमकिडा फार चांगला: मऊ, पाणीदार, चरबी कमी. महाराष्ट्रात जालना, बीडकडे तुतीवर रेशीमशेती चालते, तेव्हा ओळखीतून अळ्या मिळू शकतात. मात्र घेताना एक गोष्ट विचारा: संगोपनगृहात रोग पसरू नये म्हणून अळ्यांच्या अंगावर निर्जंतुक पावडर धुरळतात, ती या तुकडीवर धुरळली आहे का? धुरळली असेल तर त्या अळ्या नकोत. पाचव्या, म्हणजे कोष करण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतली अळी बोटभर होते. ती मोठ्या सरड्यालाच चालते. पिल्लाला दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतली द्या. अळ्यांना तुतीची ताजी, कोरडी पानं घाला, ओली पानं घातली की रोग पडतो.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्यांत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून त्यांना पावडर लावावी लागत नाही. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी या अळ्या ओल्या कचऱ्यावर वाढवतात, आणि कचऱ्यावरची अळी सरड्याला देऊ नये. धान्याच्या भरड्यावर किंवा भाजीपाल्यावर वाढवलेलीच मागा.

मीलवर्म आणि सुपरवर्म या भुंगेऱ्यांच्या अळ्या, त्यांची सालं जाड. चार-पाच महिन्यांखालच्या पिल्लाला ते देऊ नका. मोठ्याला अधूनमधून दोन-चार चालतील. नुकतीच कात टाकलेला, पांढरट मीलवर्म त्यातल्या त्यात मऊ. सुपरवर्म सरड्याचं पोट आतून कुरतडतो ही मात्र अफवा आहे, त्यासाठी त्याचं डोकं ठेचायची गरज नाही. तो ओठाला चावू शकतो, म्हणून चिमट्याने द्या. वॅक्सवर्म, म्हणजे मेणपतंगाची अळी, ही निव्वळ चरबी. आजारातून उठलेल्या, वजन घटलेल्या सरड्यासाठी ते राखून ठेवा. धडधाकट सरड्याला सवय लागली तर तो दुसरं काही खायचंच सोडतो.

माप: किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. रेशीमकिड्यासारखी मऊ अळी थोडी लांब चालेल, पण जाडी त्या अंतराच्या बरीच आत हवी. शंका आली तर लहान किडा घ्या. लहान चार खाल्ल्याने काही बिघडत नाही, मोठा एक अडकला तर बिघडतं. टपोऱ्या रातकिड्याचे मागचे काटेरी पाय घालण्याआधी चिमटीने काढून टाका.

डबा आणि पहिले दोन दिवस

कुरिअरने आलेले किडे तहानलेले, उपाशी असतात. त्या दिवशी ते सरड्याला घातले तर आपण त्याला पोकळ टरफलं खायला घातली असं होईल. आधी डबा उघडून पाहा. मेलेले वेगळे काढा, अमोनियाचा उग्र वास येतोय का, बुरशी दिसतेय का ते तपासा. तुकडीतले बरेचसे मेलेले असतील तर उरलेलेही वापरू नका. कारण विषाणूही असू शकतो. रातकिड्यांच्या अख्ख्या वसाहती संपवणारे विषाणू आहेत.

साधारण २०० मध्यम रातकिड्यांना ४०–५० लिटरचा उंच प्लास्टिकचा डबा पुरतो. झाकणात मोठा चौकोन कापून धातूची बारीक जाळी बसवा. नायलॉनची जाळी ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा, म्हणजे विष्ठा खाली पडते. तळाला काही पसरू नका, साफ करायला सोपं जातं. पाण्याची वाटी नको, किडे बुडून मरतात. पाण्यासाठी गाजराच्या, भोपळ्याच्या फोडी पुरतात. फोडी रोज बदला. डुबियांना थोडी ऊब लागते, २८ ते ३२ अंशांत ते वाढतात आणि पिल्लंही देतात.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात खरी अडचण दमटपणाची. पुठ्ठा ओलसर होतो, बुरशी धरते, कोंड्यात माइट्स (अगदी बारीक, कोळ्याच्या जातीचे जीव) पडतात आणि आठवड्यात डब्यातले किडे मरतात. जून ते सप्टेंबर ट्रे दर आठवड्याला बदला, फोडी सकाळी घालून संध्याकाळी काढा आणि डबा भिंतीपासून दूर, वारा खेळेल अशा जागी ठेवा. एकदम ५०० किडे मागवण्यापेक्षा या चार महिन्यांत १००–१०० मागवलेले परवडतात.

सरड्याला घालण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना पोटभर खाऊ घाला. आपल्याकडे यासाठी शेवग्याच्या पाल्याइतकं सोयीचं काही नाही, त्यात कॅल्शियम भरपूर. जोडीला मुळ्याचा पाला, तुतीची पानं, गाजर, रताळं, लाल भोपळा आणि कोरडं खाणं म्हणून गव्हाचा कोंडा. पालक आणि राजगिरा टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बाजारची भाजी चांगली धुऊन, अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून घाला. फवारणीचा अंश राहिला तर आधी किडे मरतात, आणि तोच अंश सरड्याच्या पोटात जातो. जास्त कॅल्शियमचं तयार खाद्य मिळतं तेही चांगलं, पण ते शेवटचे दोन दिवसच द्या. फार दिवस नुसतं तेच मिळालं तर किडे टिकत नाहीत.

पावडर

किड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. सरड्याला हवं उलटं: फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. ती तूट भरली नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. वाढीच्या वयात हे काही आठवड्यांत होऊ शकतं आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. म्हणून या भागात आळस नको.

फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेटची सरड्यांसाठीची पावडर घ्या. एका छोट्या डब्यात एका वेळचे किडे घ्या, दहा-बारा किड्यांना चिमूटभर पावडर टाका आणि डबा हलकेच फिरवा. किड्यांवर पातळ थर दिसला की झालं. पिठात घोळवल्यासारखे पांढरेफट्ट किडे सरड्याला आवडत नाहीत, डोळ्यांतही पावडर जाते. पावडर लावल्यावर लगेच घाला, कारण रातकिडे स्वतःचं अंग साफ करत राहतात आणि काही तासांत सगळं पुसून टाकतात.

वाढत्या पिल्लाला जवळपास रोज एका वेळच्या किड्यांना साधं कॅल्शियम. एक वर्षावरच्याला ज्या दिवशी किडे, त्या दिवशी पावडर. डी-३ असलेलं कॅल्शियम नळी चांगली असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदाच, कारण डी-३ शरीरात साठतं आणि जास्त झालं तर घातक ठरतं. मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा, वेगळ्या दिवशी. त्यात तयार व्हिटॅमिन ए भरपूर असेल तर तेही साठतं, या सरड्यांना त्याची बाधा लवकर होते.

घरातल्या पर्यायांबद्दल. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून लावू नका, त्यातल्या डी-३चं प्रमाण एवढ्याशा प्राण्यासाठी नसतं. पानाला लावायचा चुना तर अजिबात नको. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. पावडर संपली आणि पुढची यायला दोन-चार दिवस असतील तर पक्ष्यांसाठी मिळणारा समुद्रफेस स्वच्छ धुऊन, वाळवून, पाठीवरचा कडक भाग काढून मऊ भाग अगदी बारीक किसून वापरता येतो.

प्रत्यक्ष घालताना

रातकिडे फार उड्या मारत असतील तर लागतील तेवढेच डब्यात घेऊन पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ते सुस्तावतात. फ्रीझरमध्ये नको. मग दोन रीती आहेत. एक, सरड्याला गुळगुळीत, रिकाम्या प्लास्टिकच्या टबात ठेवून तिथे खाऊ घालायचं: किडे लपत नाहीत, मोजता येतात. काही सरडे जागा बदलली की घाबरतात आणि खात नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी रीत: टाकीतच उभ्या, गुळगुळीत कडांची वाटी ठेवून त्यात डुबिया किंवा अळ्या सोडायच्या. वाळूवर किंवा सुट्या भुशावर किडा टाकू नका, झडपेबरोबर वाळूही पोटात जाते.

चिमटा वापरायचा तर लाकडी, प्लास्टिकचा किंवा रबरी टोकाचा. या सरड्याचे बाजूचे दात जबड्याच्या हाडाला जडलेले असतात आणि पडले तर पुन्हा येत नाहीत. स्टीलच्या चिमट्यावर पूर्ण ताकदीने बसलेली झडप महागात पडते.

एकदम मूठभर किडे सोडू नका. दोन-तीन सोडा, ते संपले की पुढचे. पिल्लाला १० ते १५ मिनिटं जेवढे खाईल तेवढे. नजर हटवून डोळे मिटून बसला की बस. उरलेला प्रत्येक किडा बाहेर काढा, दगडाखाली, फांदीमागे बघा. आणि टाकीत जाऊन आलेला किडा परत मूळ डब्यात कधीही टाकू नका. सरड्याच्या विष्ठेवरून फिरलेल्या रातकिड्याच्या पायांना कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची अंडी लागतात. तो डब्यात परतला की सगळी तुकडी तीच अंडी सरड्याकडे पुन्हा पुन्हा आणत राहते. औषध देऊनही परजीवी जात नाहीत अशी तक्रार असते, तिथे हे आधी तपासा.

किती: चार महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा. चार महिने ते एक वर्ष, दिवसातून एक-दोनदा, हळूहळू कमी करत. वर्षानंतर आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी पाच ते दहा मोठे किडे. बाकी रोज पाला. पिल्लाच्या खाण्यात किडे जास्त आणि पाला थोडा, मोठ्याच्या खाण्यात पाला जास्त आणि किडे थोडे. हा बदल बरेच जण करत नाहीत, कारण मोठा सरडाही किडा दिसला की तितक्याच हावरेपणाने धावतो. त्याचं ऐकलं तर यकृतात चरबी साठते. स्वयंपाकघरात असतो तसा, पण फक्त यासाठी वेगळा ठेवलेला डिजिटल काटा वापरून दर आठवड्याला वजन लिहा. चांगला वाढलेला सरडा साधारण ३५० ते ५५० ग्रॅमचा असतो, पण आकड्यापेक्षा चढ-उतार महत्त्वाचा.

बाहेरचा किडा नको

काजवा हे या सरड्यासाठी विष आहे. अमेरिकेत काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी १९९९ साली प्रसिद्ध झाल्या. एक काजवासुद्धा पुरतो. तोंड वासणं, मान झटकणं, अंग काळं पडणं, आणि दोन तासांच्या आत मृत्यू. सह्याद्रीच्या पट्ट्यात, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीच्या बाजूला मे अखेर ते जूनमध्ये काजव्यांनी झाडं भरतात. त्या भागात घर असेल तर खिडकीला जाळी लावा आणि टाकीचं झाकण घट्ट ठेवा, कारण टाकीचा दिवा किड्यांना बोलावतो.

रुईच्या झुडपावरचा पिवळा-निळा नाकतोडा आणि बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी, दोन्ही रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात. भेंडी-तुरीच्या फुलांवरचे लाल-काळ्या पट्ट्यांचे भुंगे अंगावर फोड आणतात, पोटातही तेच करतात. पहिल्या पावसाला दिव्यावर येणारी पंखांची वाळवी स्वतः विषारी नसते, पण ती कुठल्या औषध मारलेल्या भिंतीतून आली हे सांगता येत नाही. घरातलं झुरळ तर विचारातही घेऊ नका: खडू, जेल, फवारा यांपैकी काहीतरी त्याने शेजारच्या घरात चाटलेलं असतंच. शेतातले नाकतोडे दिसायला टवटवीत, पण फवारणी कधी झाली ते त्यांच्याकडे पाहून कळत नाही. किडे पाळलेलेच घ्या.

बिघडलं तर

खाणं थांबलं, पोट फुगलं, विष्ठा नेहमीच्या वेळेला झाली नाही, मागचे पाय ओढत चालतो: हे पोट गच्च झाल्याचं लक्षण. आधी तापमान मोजा, बहुतेक वेळा दिवा कमजोर झालेला असतो. ३२ ते ३५ अंशांच्या, खांद्यापर्यंतच येईल इतक्या पाण्यात १५ मिनिटं बसवा, पोटावरून मागच्या दिशेने हलक्या हाताने बोट फिरवा आणि पुन्हा तापायला सोडा. दिवसभरात फरक नाही किंवा पाय ओढतोय, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. एरंडेल, तूप, तेल तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुस जातं.

काजवा किंवा अनोळखी किडा खाल्ल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट न पाहता निघा. तोंडातून काढता येईल तेवढंच काढा, उलटी करवण्याचा प्रयत्न नको.

पातळ, उग्र वासाची विष्ठा दोन-तीन दिवस टिकली तर नमुना तपासून घ्या. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून, वेगळ्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि २४ तासांच्या आत पोचवा. सगळं ठीक असेल तेव्हाही वर्षातून एकदा ही तपासणी करावी.

हिवाळ्यात मोठा सरडा सुस्तावून खाणं कमी करत असेल तर आग्रहाने किडे घालू नका. हिवाळ्यातल्या लांब झोपेत जाताना त्याचं पोट रिकामं असायला हवं. वजन मात्र मोजत राहा.

हाताळल्यावर हात साबणाने धुवा. दिसायला निरोगी सरड्याच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. वाट्या, टब, चिमटा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, किड्यांचा डबा ओट्यावर ठेवू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर किडे घालण्याचं आणि टाकी साफ करण्याचं काम दुसऱ्याने करावं. ज्याला दमा आहे त्याने झुरळांचा डबा मास्क लावून, उघड्या गॅलरीत साफ करावा. त्यांच्या विष्ठेची धूळ दमा चाळवते.